मडगाडाखालची माती

माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीला मी उभ्या आयुष्यात रंग दिला नाही. ती भिंत नागपूर जिल्ह्यानं रंगवली. काटोलची काळी, रामटेककडची तांबडी, कुहीची राखाडी, असे थरावर थर बसत गेले आणि शेवटी भिंत इतकी जाड झाली, की दुकान आतून हातभर लहान झालं. मागच्या बाजूचा भांडेवाला एकदा भांडायला आला. म्हणे, "बंडूभाऊ, तुमची भिंत माह्या दुकानात सरकून राहिली." मी म्हटलं, "भिंत नाही गा, जिल्हा सरकून राहिला. तहसीलदाराले सांग."

मी टायर विकायचो. इतवारीच्या टोकाला, पितळ आणि स्टीलच्या भांड्यांच्या रांगेत माझं एकट्याचं टायरचं दुकान. सकाळी शटर उघडल्यापासून ठणठणाट. त्यात गिऱ्हाइकाला ऐकू जावं म्हणून मी ओरडून बोलायला लागलो, आणि ओरडून सांगितलेली गोष्ट लहान वाटू नये म्हणून थोडी वाढवून सांगायला लागलो. आता दुकान जावई पाहतो, पण दोन्ही सवयी माझ्याकडेच राहिल्या. तेव्हा वाचकांनी या लेखातला पाव हिस्सा खुशाल सोडून द्यावा. कोणता पाव, ते मी सांगणार नाही. कुसुमताईंचं तेवढं सगळं खरं आहे. घरात बसलेल्या नवऱ्याला दाराबाहेर काढायचं म्हणून टायर घ्यायला आलेलं माझ्या दुकानातलं ते एकच गिऱ्हाईक. पण आधी धंदा समजून घ्या, नाहीतर एक शहाणीसुरती बाई स्टीलच्या डब्यात चिखल का घेऊन आली, हे कळायचं नाही.

माझा खास माल म्हणजे लहान ट्रेल मोटरसायकलींचे टायर. ट्रेल गाडी म्हणजे उंच टांगांची, हलकी, सायलेन्सर वर वळवलेली गाडी. बाकीच्या गाड्या सडक संपली की थांबतात, ही तिथून चालायला लागते. आणि आमच्याकडे सडक संपली की पांदण सुरू होते. पांदण म्हणजे शेताशेतांच्या मधून गेलेली बैलबंडीची वाट. दोन्हीकडे बोरी-बाभळी, बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. उन्हाळ्यात गुडघाभर फुफाटा, पावसाळ्यात तिथं काय असतं ते चिखलात रुतलेल्या माणसालाच विचारावं.

या वाटांवर शहरातला गुळगुळीत टायर घेऊन गेलात, तर गाडी पुढे आणि तुम्ही बाजूला. म्हणून बटन टायर लागतो, म्हणजे ज्याच्यावर रबराचे ठोकळे असतात तो. लोकांना वाटतं, जितके जास्त बटन तितकी जास्त पकड. तिथंच फसतात. आमची काळी माती बटनांच्या फटीत शिरली की निघत नाही. टायरचा लाडू होतो, लाडवाचा नारळ होतो, आणि मग तो नारळ मडगाडात अडकून चाकच फिरत नाही. काळ्या मातीला विरळ बटन पाहिजेत, म्हणजे फिरता फिरता माती आपोआप फेकली जाते. मुरमाला दाट चालतात. गोटाळ वाटेवर हवा फार कमी केली तर रिम वाकते, आणि फार भरली तर गाडी चेंडूसारखी उडते. कुहीकडचा एक कंपाउंडर दुसरीकडून दाट बटनांचे टायर लावून पोळ्याच्या दिवसांत सासुरवाडीला निघाला. पांदणीत दोन्ही चाकं अशी जाम झाली, की तो उतरला तरी गाडी स्टँडशिवाय उभीच. तशीच सोडून सासरी पायी गेला. दिवाळीला आणायला गेला तेव्हा मडगाडावर हरभरा उगवलेला. घाटे सोलत सोलत माझ्या दुकानात आला. विश्वास ठेवू नका. मीही अर्धाच ठेवतो.

तेव्हापासून मी नियम केला. माती आणा, मग टायर घ्या. ज्या वाटेवर जायचं तिथली मूठभर माती पिशवीत आणायची. मी ती भिजवणार, गोळा करणार आणि मागच्या भिंतीवर फेकणार. चिकटून बसली तर विरळ बटन. चिकटून मग सुटली तर मधलं. आणि खट्कन आवाज होऊन परत माझ्याकडे आली, तर दाट बटन आणि हवा थोडी जास्त. रामदासपेठेतले एक डॉक्टर हौसेनं ट्रेल गाडी घेऊन आले होते. त्यांनी मोठ्या आदबीनं पिशवी दिली. मी गोळा करायला गेलो, तर बोटांना नारळाचा भुसा. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, गाडी गॅलरीत चालवणार का?" हसले बिचारे. कुंडीतली आणली होती.

रविवारी मी स्वतः माझी लहान ट्रेल गाडी काढून पांदणी फिरायचो. बायकोला म्हणायचो, धंद्यासाठी जातो. ती म्हणायची, "इतवारचं दुकान बंद ठेवून धंद्याले जाणारा तुम्हीच पाहिला." तिला मी मागे बसवून कधी नेलं नाही. तिनं मागितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कुसुमताईंकडे पाहिल्यावर हे पहिल्यांदा टोचलं.

कुसुमताई गजभिये. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. परतीचा पाऊस ओसरून कापूस फुटायला लागलेला, त्या दिवसांत एका सकाळी दुकानात आल्या. "जय भीम, भाऊ" म्हणाल्या आणि काउंटरवर स्टीलचा डबा ठेवला. मला वाटलं, साबुदाणा असेल. उघडला तर आत वाळलेल्या चिखलाच्या वड्या. काळी, तिच्यावर तांबडी, तिच्यावर पुन्हा काळी.

"ही कोणत्या वाटेची?" मी विचारलं.

"मले काय माईत. मडगाडाखालून खरडली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. यजमान, देवरावजी, विहिरीवरच्या पंपांचे मिस्त्री. सावनेर-कळमेश्वरकडच्या खेड्यांत जन्मभर ट्रेल गाडीवर फिरले. पान्हे मागच्या पिशवीत, आणि वाटा डोक्यात. मग काचबिंदूनं हळूहळू डोळे नेले. बाकी तब्येत ठणठणीत. पण माणूस घरात बसला तो बसलाच. लग्न नाही, बारसं नाही, दीक्षाभूमीवरसुद्धा येत नाही. सकाळी उठून अंगणातली गाडी फडक्यानं पुसायची आणि पुन्हा ओट्यावर बसायचं.

"हात धरून नेतो म्हटलं तर चिडते," कुसुमताई म्हणाल्या. "म्हणते, मी बकरी नोहो. काठी तर हातातच नाही घेत. मंग मी विचार केला, भाऊ. मोटरसायकलवर मागं बसलेला माणूस पुढच्याले धरतेच ना? डोळे असले तरी धरते, नसले तरी धरते. त्यात काय लाज?"

मी आयुष्यात दोनदाच गप्प झालो आहे. एकदा माझ्या लग्नात आणि एकदा तेव्हा.

"पण पुढं कोण बसणार?"

"मी. काहून, नाही बसू शकत?" खापरखेड्याच्या वसाहतीत त्यांचा भाऊ राहत होता. तिथल्या मैदानावर, माहेरी जाते म्हणून सांगून, ताई त्याच्या मोटरसायकलवर गिअर शिकल्या होत्या. जन्मभर स्कूटर चालवलेली, त्यामुळे तोल पक्का. नवं लायसनही काढलं होतं. आता देवरावजींच्या गाडीचे टायर फुटायला आलेले, आणि कोणत्या वाटेवर जायचं ते नवऱ्याला विचारायची सोय नाही, कारण सगळं चोरून चाललेलं. दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांनी, कुंडीवाल्या, माझा नियम सांगितला म्हणून माणूस झोपला असताना मडगाडाखाली हात घालून ही माती काढली. "ह्यांच्याच गाडीची हाय, म्हटलं हेच चालन."

मी एक वडी भिजवून भिंतीवर मारली. अशी बसली, की जणू तिथलीच होती. विरळ बटन. पुढे-मागे नवे टायर काढून ठेवले आणि म्हटलं, परवा येऊन लावून देतो.

परवापर्यंत थांबावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "बंडूभाऊ, टायर घेऊन घरीच या. हे गाडीवर बसले न् उतरून नाही राहिले."

झालं असं, की देवरावजी गाडी पुसताना मडगाडाखालची माती कधीच काढत नसत. बोटं फिरवून पाहायचे फक्त. त्या सकाळी बोटं फिरवली, तर माती गायब. माणसानं सरळ हिशेब लावला. बायको गाडी साफ करून राहिली, म्हणजे विकून राहिली. बायकोला एक अक्षर बोलले नाहीत. गाडीवर टांग टाकली, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि बसले. चहा नाही, नाश्ता नाही.

मी मानकापूरला त्यांच्या अंगणात माझी गाडी लावली. देवरावजी म्हणजे उंच, हाडकुळा माणूस, पांढऱ्या दाढीचा, हँडलवर असा वाकलेला, की आता शर्यत सुटणार. माझ्या गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"पाहाले आले का गाडी?"

मी 'हो' म्हणालो. टायर लावायचे तर गाडी पाहावीच लागते.

"पाहा ना, पाहा. चांगली गाडी हाय," ते गोड आवाजात म्हणाले. "फक्त इंजिन गेलं. पेट्रोल पिते ते तर विचारूच नका, सावनेर गाठेपर्यंत दोनदा टाकी भरा लागते. चेसी वाकडी हाय. ब्रेक लागते, पण कधी लागन ते तिच्या मर्जीवर. अन् एका माणसाले पाडून त्याचा पाय मोडला हिनं."

"कोणाचा?" मी विचारलं.

"अजून नाही मोडला. जो घेईन त्याचा मोडन."

आता माझ्यासमोर कोणी अशी थाप मारावी आणि मी गप्प बसावं, हे होत नाही. मी म्हटलं, "मले तर अशीच पाहिजे. माझ्याजवळ एक गाडी होती, ती तर उलटीच चालायची. घरून निघालो की घरीच पोचायचो."

देवरावजींनी भुवया चढवल्या. "हिचं मीटर मागं पळते."

"माझ्या गाडीचा मडगाड नांगर म्हणून भाड्यानं द्यायचो."

"हिच्या सायलेन्सरमंदी मधाचं पोळं हाय!"

"मग तर दुप्पट द्यायला तयार आहे!"

माणूस घाबरला. गिऱ्हाईक हटत नाही म्हणजे काय! आवाज खाली आला. "भाऊ," ते म्हणाले, "खरं सांगू का? गाडी लय चांगली हाय. म्हणूनच म्हणतो, नका नेऊ."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कुसुमताई कडाडल्या, "अजी, कोण विकून राहिलं गाडी? मी चालवून राहिली!"

देवरावजींनी हँडलवरून मान वर काढली.

"कोण चालवून राहिली?"

"मी. हे बंडूभाऊ टायरवाले होत. टायर लावाले आले. माती मीनंच खरडली."

देवरावजींनी क्लचचा दांडा दोनदा दाबून पाहिला. मग विचारलं, "क्लच सोडता येते तुले?"

"येते."

"झटका बसते का?"

"पहिल्यांदा बसे. आता नाही बसत."

"अन् मी कुठी बसू?"

"मागं. अजून कुठी?"

ते गाडीवरून उतरून ओट्यावर बसले. मला म्हणाले, "कोणते टायर आणले, इकडं द्या." मी पुढचा टायर हातात दिला. त्यांनी तो मांडीवर घेऊन बटनांवरून बोटं फिरवली, जणू कोणाचं तरी लेकरू मांडीवर घेतलं. मग उरलेल्या मातीचा डबा मागितला, एक वडी फोडली, वास घेतला आणि जाहीर केलं, की ही खैरीच्या पांदणीची माती आहे. वासावरून पांदण ओळखणारा माणूस मी जगात पाहिलेला नाही. माझ्याच पंथाचे निघाले ते.

टायर लावून झाल्यावर देवरावजी आत जाऊन कपडे बदलून आले. फाटकापर्यंत आले आणि थांबले. रस्त्यावरून लोक जात होते. शेजारची बाई धुणं वाळत टाकताना थांबून पाहत होती, हे त्यांना दिसत नव्हतं, पण कळत होतं बहुतेक. कुसुमताईंनी गाडी सुरू केली आणि काहीच बोलल्या नाहीत. मलाही डोळ्यांनीच गप्प केलं. हे सर्वांत कठीण काम त्या दिवशी मी केलं. गाडी फटफटत राहिली. शेवटी देवरावजींनी हात पुढे केला, त्यांना सीट सापडली, मग ताईंचा खांदा सापडला, आणि ते बसले.

मी माझ्या गाडीवर मागे. सावनेरची सडक सोडून आत वळलो तसा देवरावजींचा आवाज वाढू लागला. "आता उतार यीन. आता बाभूळ यीन डाव्या हातानं, खाली वाक वं. आता नाला." उतार आला. बाभूळ आली नाही. नाल्यावर सिमेंटचा पूल झाला होता. ताई म्हणाल्या, "हो, आला नाला." त्यांनी पूल सांगितला नाही.

"आता उजवीकडं घे. सरळ खैरी."

उजवीकडे घेतली. पांदण अरुंद होत गेली, मग चाकोरी संपली, मग वाटच संपली आणि आम्ही तिघं फुटलेल्या कापसाच्या मधोमध उभे राहिलो. कापूस वेचणारी एक बाई कमरेला ओटी बांधून आमच्याकडे पाहत होती.

"काहून गा, इकडं कुठी चालले?"

"खैरीले," देवरावजी म्हणाले.

"खैरीची वाट तर तिकडून केली, पक्की. लय दिवस झाले. इकडून फक्त आमचं वावर हाय." आणि मग हसून, "म्हातारपणी गाडी शिकून राहिले का?"

देवरावजींचा चेहरा मिटला. मी अनेक टायरांतून हवा जाताना पाहिली आहे, पण माणसातून जाताना तेव्हाच पाहिली. हळू म्हणाले, "कुसुम, चल घरी. मले काही माईत नाही राहिलं. उगाच बडबड करून राहिलो."

कुसुमताईंनी गाडी वळवायला घेतली. धुऱ्याशेजारी, म्हणजे बांधालगत, पावसाचं पाणी मुरून माती लोण्यासारखी झालेली. गाडी वळली, मागचं चाक खाली बसलं, आणि गाडी अगदी सावकाश, म्हैस पाण्यात बसते तशी, आडवी झाली. इथं धंद्याची बाब म्हणून नमूद करतो, की टायर घसरला नाही. गाडी कलली. फरक आहे.

मी धावलो. कुसुमताई चिखलात बसलेल्या. त्या घाबरून रडतील की काय असं मला वाटलं, तर डोळ्यांत चिखल गेलेला, आणि त्या हाताला लागेल तिकडे चाचपत ओरडत होत्या, "अजी! लागलं का? कुठी हाव?" देवरावजी आधी उठले होते. उभे राहून, चिखलानं माखलेले, ते हवेत हात पुढे करून विचारत होते, "तू कुठी हायस वं? हात दे."

ताईंनी मनगटानं डोळे पुसले. मग त्यांनी हात दिला. देवरावजींनी त्यांना ओढून उभं केलं, दोन पावलं स्वतः मागे गेले, पण हात सोडला नाही. "लागलं का?" त्यांनीच विचारलं.

"नाही."

"क्लच जोरात सोडला तू."

"नाही सोडला. माती खराब हाय."

"माती नाही खराब. क्लच."

कापूसवाली बाई पोटाला हात लावून हसत होती. तिनं कळशीतलं पाणी दिलं. आम्ही तिघांनी मिळून गाडी ढकलून काढली. देवरावजी मागून लोटत होते, आणि बटनांतली माती भरभर उडून माझ्या तोंडावर येत होती. टायर उत्तम निवडला होता, हे त्या मातीच्या चवीवरून मला पटलं.

परतीला देवरावजींनी एकही वळण सांगितलं नाही. घरी पोचल्यावर आत गेले आणि दार लोटून घेतलं. मी टायरची हवा पाहत रेंगाळलो. कुसुमताई नळावर हात धूत म्हणाल्या, "पाहू." मला वाटलं, गेलं सगळं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तेही न वाढवता. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

मग पुढच्या आठवड्यात, इतवारीत हातगाड्या आणि टेम्पोंची जत्रा भरलेली, भांड्यांचा ठणठणाट चाललेला, आणि त्यातून वाट काढत ती ट्रेल गाडी माझ्या दुकानापुढे येऊन थांबली. पुढे कुसुमताई, मागे देवरावजी. ते उतरले नाहीत. बसूनच ओरडले, "टायरवाले! हे तुमचं टायर सडकेवर भुंग्यासारखं गुणगुणते!"

"गुणगुणणारच. बटन टायर आहे. मातीवर गप्प बसतो."

"तेच म्हणतो मी. मातीची वाट सांगा एखादी."

मी विचारलं, "खैरीची नवी वाट सांगू? की कळमेश्वरकडची? तिकडच्या सगळ्या तुमच्या ओळखीच्या."

"त्याच नको," देवरावजी म्हणाले. "ओळखीच्या वाटेवर मी पुढं पुढं बोलतो अन् चुकतो. हे बिचारी हो-हो करते. जिथं मी कधी गेलोच नाही अशी सांगा. तिथं तिले दिसन तेच खरं."

मी जिल्ह्यातली प्रत्येक पांदण पायाखालची असल्याची बढाई आयुष्यभर मारली, आणि त्या क्षणी मला एकही आठवेना. शेवटी हिंगण्याच्या पुढची एक सांगितली. काळ्या मातीची, सागाच्या झाडांतून जाणारी, मधे एक उथळ नाला. वळण कुठं, चढ कुठं, ते ताईंना सांगायला लागलो, तर देवरावजींनी हात वर करून थांबवलं.

"नका सांगू. आमचं आम्ही पाहू."

ताईंनी गाडी वळवली. देवरावजींनी त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि भांड्यांच्या त्या गदारोळात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हं, आता काय दिसून राहिलं, सांग."

"हातगाडी हाय," कुसुमताई म्हणाल्या. "पितळेच्या गुंड-कळशांनी भरलेली. बाजूले एक टेम्पो. अन् एक माणूस मधातच उभा राहून तंबाखूचा खर्रा घोटून राहिला."

"मंग हॉर्न दे ना वं!"